लायन्सची सेकंडरी आणि ड्राफ्ट : भोक नेमकं कुठे आहे?

नोव्हीकर | ८ एप्रिल २०२४

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडणं, २५ तारखेला आहे, आणि यंदा तो खुद्द डेट्रॉइटमध्ये, लायन्सच्याच गावात आहे. त्यामुळे ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य : "लायन्सचा पास डिफेन्स सत्ताविसावा होता, पहिल्या राउंडला कॉर्नर घ्या आणि मोकळे व्हा."

कॉर्नर हवा, हे मलाही मान्य आहे. पण कसला कॉर्नर, कुठल्या जागेसाठी आणि कुठल्या वर्षासाठी, हे ठरवल्याशिवाय कुणाचंही नाव घेण्यात अर्थ नाही. सेकंडरी म्हणजे चेंडूच्या फेकी अडवणारी मागची फळी, आणि तिच्यात पाच-सहा वेगवेगळी कामं. कडेच्या रिसीव्हरवर (फेकलेला चेंडू झेलणाऱ्यावर) राहणारे बाहेरचे दोन कॉर्नर, आतला निकल, सर्वांत मागचे दोन सेफ्टी आणि लांबच्या थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) सहावा माणूस. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहायच्या : पहिला खेळाडू कोण, तो जखमी झाला तर कोण, करार कधी संपतो, आणि बचावाच्या प्रशिक्षकाला, एरन ग्लेनला, त्या जागेकडून काय हवंय.

आजची माझी मांडणी अशी. बाहेर एका बाजूला कार्लटन डेव्हिस, टँपा बेकडून ड्राफ्टच्या तिसऱ्या राउंडचा पिक (निवडीची पाळी) देऊन आणलेला. दुसऱ्या बाजूला इमॅन्युएल मोझली किंवा किंडल विल्डर. आत ब्रायन ब्रँच. मागे कर्बी जोसेफ आणि इफेआतू मेलिफोनवू. एमिक रॉबर्टसन आत-बाहेर दोन्हीकडे चालतो. सी. जे. गार्डनर-जॉन्सन फिलाडेल्फियाला गेला, कॅमेरॉन सटन आणि ट्रेसी वॉकर यांना सोडलं, जेरी जेकब्सला ठेवलं नाही.

माझ्या मते खरं भोक एकच आहे : डेव्हिसच्या समोरची बाजू. बाकी ठिकाणी डागडुजी पुरेल. तुमचं काय मत?

मेघना_ट्रॉय

तो सत्ताविसावा क्रमांक आधी बाजूला ठेवूया. तो सामन्यामागच्या यार्डांवर काढलेला आहे, सुमारे २४७ यार्ड. पण याच संघाचा रन डिफेन्स लीगमध्ये दुसरा होता आणि गेल्या हंगामात १२ सामने जिंकले. धावता येत नाही आणि पिछाडीवर आहोत, अशा स्थितीत समोरचा संघ फेकणारच. फेकी वाढल्या की यार्ड वाढतात, त्यात कॉर्नरचा दोष किती हे त्या आकड्यातून कळत नाही.

बघायचं असेल तर तीन गोष्टी बघा. एका फेकीमागे किती यार्ड दिले, वीस यार्डांहून मोठे किती झेल दिले, आणि थर्ड डाउनला काय झालं. या निकषांवरही लायन्स फारसे चांगले नव्हते, मात्र दोष कुठल्या जागेचा आहे ते वेगळं दिसू लागतं. मोठे झेल बहुतेक बाहेरच्या पट्ट्यात गेले, मधून फार नाही.

अक्षय_प्रेस

मेघनाताईंशी सहमत, पण मोसमाचा शेवट पाहिला की सरासरीची गरजच उरत नाही. २४ डिसेंबरला मिनेसोटाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) निक मलन्स याने ४११ यार्ड फेकले. चार इंटरसेप्शन (मध्येच झेललेल्या त्याच्या फेकी) मिळाली म्हणून आपण जिंकलो. ३० डिसेंबरला डॅलसच्या सीडी लॅम्बचे १३ झेल आणि २२७ यार्ड. शेवटच्या आठवड्यात जस्टिन जेफरसनचे १९२. प्लेऑफमध्ये पुका नकुआचे १८१, मग माइक इव्हान्सचे १४७. झेल घेणारी ही सगळी पहिल्या क्रमांकाची रिसीव्हर मंडळी आहेत, आणि त्यातल्या एकालाही आपला एकही कॉर्नर एकट्याने अडवू शकला नाही.

त्याचा परिणाम पुढे कसा होतो बघा. एका रिसीव्हरसाठी सेफ्टीला सतत त्याच्या बाजूला सरकवावं लागतं. मग दुसऱ्या बाजूचा कॉर्नर उघडा पडतो, मधला भाग टाइट एंडला (आतून धावणाऱ्या धिप्पाड झेलणाऱ्याला) मोकळा मिळतो, आणि ब्लिट्झला, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा धाडायला, माणूसच शिल्लक राहत नाही. ग्लेन स्वतः कॉर्नर होता, त्याला मॅन कव्हरेज, म्हणजे एकास एक, खेळायचं असतं. पण माणसं नसल्यामुळे त्याला झोनमध्ये (आपापला भाग राखत) बसून राहावं लागलं.

अण्णा_सोलापूर

फुटबॉल मी अलीकडेच बघू लागलोय, कबड्डी मात्र मुरलेली आहे. एक विचारतो. सेफ्टी एका बाजूला सरकला की दुसरीकडचा कॉर्नर उघडा पडतो, म्हणजे आपल्याकडे कव्हर लवकर पुढे गेला की कॉर्नर एकटा सापडतो तसंच का?

अक्षय_प्रेस

अगदी तसंच, अण्णा. कॉर्नरने घोटा धरला आणि कव्हर वेळेत पोचला नाही तर चढाई करणारा ओढत नेतो. इथेही कॉर्नरचं काम अनेकदा फक्त वेळ काढण्याचं असतं. मागून सेफ्टी येतोय हे माहीत असेल तर तो आतली वाट बंद करून रिसीव्हरला बाहेर ढकलतो. मदत येणार नसेल तर दोन्ही वाटा त्यालाच सांभाळाव्या लागतात. म्हणून कुठल्याही कॉर्नरला दोष देण्याआधी त्या स्नॅपला (चेंडू सुरू झालेल्या त्या डावाला) मदत कुठून येणार होती ते शोधायचं. टीव्हीच्या कॅमेऱ्यात सेफ्टी दिसतच नाहीत, त्यासाठी वरून घेतलेलं बावीसही खेळाडूंचं चित्रण बघावं लागतं.

स्वानंद_के

सगळे कॉर्नरच्याच मागे लागले आहेत, म्हणून उलट बाजू मांडतो. गेल्या वर्षी एडन हचिन्सनच्या नावावर साडेअकरा सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) होते. त्याच्यानंतर अलिम मॅकनील, पाच. म्हणजे दुसऱ्या टोकाकडून दबाव नव्हताच. क्वार्टरबॅकला साडेतीन सेकंद मिळाले तर जगातला कुठलाही कॉर्नर हरतो.

मार्कस डॅव्हनपोर्टला एका वर्षासाठी आणलंय, पण त्याचा दुखापतींचा इतिहास मोठा आहे. २९ व्या क्रमांकावर चांगला एज (टोकाकडून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) मिळत असेल तर कॉर्नर ६१ व्या क्रमांकावर घ्यावा. या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या राउंडच्या दर्जाचे कॉर्नर बरेच आहेत.

नोव्हीकर

स्वानंद, दबावाचा मुद्दा खरा आहे. पण दिलेले झेल दोन ढिगांत घालून बघ. पहिल्या ढिगात चेंडू अडीच सेकंदांच्या आत सुटलेले, दुसऱ्यात त्यानंतर सुटलेले. दुसऱ्या ढिगाचा दोष पास रशकडे जातो. पहिल्यातला जात नाही, कारण तिथे कुठलाही एज पोचूच शकत नाही. स्लँट, हिच, झटपट आउट असे रूट (रिसीव्हरच्या धावण्याच्या छोट्या वाटा) कॉर्नर सात-आठ यार्ड मागे उभा राहिला की फुकट मिळतात. लायन्सचे कॉर्नर वेगावर विश्वास नसल्यामुळे मागे उभे राहत होते, आणि मागे उभे असल्यामुळे हे झेल देत होते. ते एजने सुटणारं नाही.

धनश्री_अ‍ॅन_आर्बर

कॉलेजची फिल्म बघून कॉर्नर निवडताना लोकांची कुठे गफलत होते ते सांगते, कारण नियमांचा फरक इथे फार महत्त्वाचा आहे.

एनएफएलमध्ये स्नॅपच्या रेषेपासून पाच यार्डांपर्यंतच रिसीव्हरला धक्का देता येतो. त्यापुढे हात लागला तर पाच यार्डांची शिक्षा आणि समोरच्याला आपोआप फर्स्ट डाउन (नव्याने चार प्रयत्न). कॉलेजमध्ये चेंडू हवेत जाईपर्यंत बरीच मोकळीक असते. त्यामुळे तिथे घट्ट चिकटलेला दिसणारा कॉर्नर इथे पहिल्या महिन्यात पिवळ्या रुमालांनी (पंचांच्या शिक्षेच्या खुणांनी) बेजार होतो. फिल्म बघताना पाच यार्डांनंतर त्याचे हात कुठे असतात ते मोजायचं. हात काढून घेऊनही तो जवळ राहत असेल तर पाय चांगले आहेत. हात सुटताच दोन यार्ड मागे पडत असेल तर हातांनी पाय झाकलेत.

पास इंटरफिअरन्सचीही (चेंडू हवेत असताना रिसीव्हरला अडवण्याचीही) तीच गोष्ट. कॉलेजमध्ये जास्तीत जास्त १५ यार्ड जातात, एनएफएलमध्ये चूक झाली त्या जागेवर चेंडू ठेवतात. चाळीस यार्डांच्या फेकीवर खेचाखेच केली तर चाळीस यार्ड गेले.

तिसरा फरक हॅश मार्कांचा, म्हणजे डाव जिथून सुरू होतो त्या मधल्या खुणांच्या अंतराचा. कॉलेजमध्ये ते चाळीस फुटांवर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांवर. म्हणजे कॉलेजमध्ये मैदानाची एक बाजू खूप रुंद आणि एक अरुंद होते. काही कॉर्नर कायम अरुंद बाजूला खेळतात, तिथे साइडलाइन त्यांचं अर्धं काम करते. अशा मुलाचे आकडे सुंदर दिसतात. रुंद बाजूला त्याला किती स्नॅप मिळाले, हे विचारल्याशिवाय त्याला वर चढवू नये.

हिशेबनीस

करारांचा तक्ता कुणीच मांडला नाही, म्हणून मांडतो.

डेव्हिसचा करार २०२४ नंतर संपतो. मोझली एका वर्षावर. विल्डर एका वर्षावर. मेलिफोनवू २०२१ च्या तिसऱ्या राउंडचा, म्हणजे त्याचाही शेवटचा हंगाम. रॉबर्टसन २०२५ पर्यंत, जोसेफ २०२५ पर्यंत, ब्रँच २०२६ पर्यंत.

म्हणजे पुढच्या वसंतात बाहेरच्या कॉर्नरच्या जागेवर एकही भरवशाचा माणूस करारात नसेल. आपल्याच गॉफ, सेंट ब्राउन आणि सूएल यांचे मोठे करार दाराशी उभे आहेत. डेव्हिसला तेव्हा बाजारभाव देणं परवडेलच असं नाही. म्हणून या ड्राफ्टमधला कॉर्नर २०२४ ची गरज म्हणून बघू नका. तो २०२५ चा पहिला कॉर्नर आहे, आणि पहिल्या राउंडचा असेल तर चार वर्षं अधिक पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे राहतो. दुसऱ्या राउंडला तो पर्याय नसतो. कॉर्नर, एज, टॅकल (क्वार्टरबॅकला राखणारा कडेचा खेळाडू) अशा महागड्या जागांवर हे पाचवं वर्ष सोन्याचं असतं. स्वानंदच्या योजनेत हीच गोष्ट मला खटकते.

शिवाय डेव्हिस २०१८ पासून खेळतोय, पण एकाही हंगामात त्याचे १४ हून जास्त सामने झालेले नाहीत. मोझलीचा २०२२ मध्ये एका गुडघ्याचा एसीएल (अस्थिबंध) फाटला, २०२३ मध्ये लायन्सकडून पहिल्याच सामन्यात दुसऱ्या गुडघ्याचा. म्हणजे नवा मुलगा "यंदा शिकेल, पुढे खेळेल" असं धरून चालणार नाही. ऑक्टोबरपर्यंत त्याला मैदानात उतरावंच लागेल.

पुष्कर७३

हिशेबनीस, तक्ता बघून पोटात गोळा आला. छान काम.

स्वानंद_के

पाचव्या वर्षाचा मुद्दा मान्य. पण पहिल्या राउंडचा कॉर्नर म्हणजे हमी नव्हे, हे डेट्रॉइटला कुणी शिकवायला नको. २०२० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेफ ओकुडा घेतला. २०२१ मध्ये त्याच्या घोट्यामागचा अकिलीस स्नायुबंध तुटला आणि २०२३ मध्ये पाचव्या राउंडच्या पिकवर तो अटलांटाला गेला. तो पिक महाव्यवस्थापक ब्रॅड होम्सच्या आधीच्या व्यवस्थापनाचा, हे खरं. होम्सने तर आजवर पहिल्या राउंडला कॉर्नर घेतलेलाच नाही. गेल्या वर्षी सेकंडरीत भगदाड असताना त्याने १२ ला गिब्स आणि १८ ला जॅक कँपबेल घेतला, आणि ब्रँच ४५ पर्यंत घसरला तेव्हा उचलला. तो गरजेनुसार चालत नाही, आपल्या यादीनुसार चालतो.

मेघना_ट्रॉय

बरोबर, आणि त्याच पद्धतीतून आलेला ब्रँच आज सेकंडरीतला सगळ्यात चांगला खेळाडू आहे. त्यामुळे "यादी की गरज" हा वाद मला पटत नाही. या वेळी २४ ते ३५ या टप्प्यात यादीतही कॉर्नरच दाटीने आहेत. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात.

आता नावं घेऊया का? माझा क्रम : क्विनयन मिचेल, टेरियन अर्नॉल्ड, कूपर डिजीन, नेट विगिन्स, कूल-एड मॅकिन्स्ट्री, मग एनिस रेकस्ट्रॉ आणि कमारी लॅसिटर.

अक्षय_प्रेस

मेघनाताई, क्रम साधारण पटतो, पण लायन्ससाठी वेगळा लावावा लागेल. प्रत्येकाकडे ग्लेनच्या चष्म्यातून बघतो.

मिचेल : टोलिडोचा, इथून तासाभरावर. ४० यार्ड ४.३३ सेकंदांत. २०२२ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध एका सामन्यात चार इंटरसेप्शन, त्यांतली दोन टचडाउनपर्यंत नेली. शंका एवढीच की टोलिडोत तो बऱ्याचदा मागे उभा राहून डोळे क्वार्टरबॅकवर ठेवत खेळला. प्रेस (रिसीव्हरला चिकटून उभं राहणं) त्याला जमतं, फिल्मवर कमी आहे इतकंच. २९ पर्यंत तो उरणार नाही.

अर्नॉल्ड : अलाबामात सेफ्टी म्हणून आला आणि कॉर्नर झाला. गेल्या हंगामात पाच इंटरसेप्शन. वेळ ४.५०, म्हणजे नेत्रदीपक नाही. पण बाहेर प्रेस खेळतो, काही सामन्यांत आतही खेळला, आणि टॅकल करायला मागे हटत नाही. हात जास्त वापरतो, धनश्रीताईंचा पाच यार्डांचा नियम याला लावाच.

विगिन्स : ४.२८. सरळ रेषेत याला कुणी मागे टाकणार नाही. पण वजन १७३ पाउंड. माइक इव्हान्ससारख्या माणसासमोर काय होईल ते सांगायला नको. रन डिफेन्समध्ये बाहेरच्या कॉर्नरने कड धरायची असते, तिथेही अडचण.

डिजीन : नोव्हेंबरमध्ये पायाचं हाड मोडलं होतं. चेंडूचा अंदाज उत्तम, पंट रिटर्न (लाथेने आलेला चेंडू परत नेणं) करतो, सेफ्टीही होऊ शकतो. पण आयोवात झोन जास्त.

मॅकिन्स्ट्री : तंत्र सगळ्यांत नीटनेटकं. कंबाइनच्या (ड्राफ्टपूर्व चाचण्यांच्या) तपासणीत पायात जोन्स फ्रॅक्चर सापडलं. त्या जागी रक्तपुरवठा कमी असतो, हाड हळू जुळतं आणि पुन्हा मोडण्याची भीती असते, म्हणून संघांचे डॉक्टर याबाबत कडक असतात. तसल्या पायावर त्याने प्रो डेला (कॉलेजच्या चाचणीला) ४.४७ काढले हे विशेष.

माझा क्रम लायन्ससाठी : मिचेल, अर्नॉल्ड, मॅकिन्स्ट्री, डिजीन, रेकस्ट्रॉ, विगिन्स.

धनश्री_अ‍ॅन_आर्बर

लॅसिटरला विसरू नका. प्रो डेला वेळ ४.६ च्या आसपास आली म्हणून लोकांनी त्याला खाली ढकललं, पण दिशा बदलण्यात तो यादीतल्या बहुतेकांपेक्षा सरस आहे. कॉर्नरसाठी ४० यार्डांच्या वेळेपेक्षा पहिले १० यार्ड आणि थ्री-कोन, शटल या वळण्याच्या चाचण्या जास्त सांगून जातात. सरळ ४० यार्ड धावायची वेळ सामन्यात क्वचितच येते. थांबून, वळून पुन्हा पहिल्या तीन पावलांत वेग घेण्याची वेळ दर स्नॅपला येते.

आणि आमच्या गावचा माइक सेनरिस्टिल. मिशिगनमध्ये २०२२ ला रिसीव्हरचा कॉर्नर झाला, गेल्या वर्षी सहा इंटरसेप्शन. उंची जेमतेम ५ फूट ९, त्यामुळे फक्त निकल. लायन्सकडे निकलला ब्रँच आहे, म्हणून गरज नाही असं लोक म्हणतात. पण ब्रँच तिथेच राहणार हे कुणी ठरवलं?

नोव्हीकर

अगदी मोक्याचा प्रश्न. त्यावरच सगळा डाव फिरतो.

ब्रँच निकलमध्ये राहिला तर सेफ्टी जोसेफ आणि मेलिफोनवू. जोसेफ उत्तम मागचा राखणदार आहे, दोन हंगामांत चार-चार इंटरसेप्शन. मेलिफोनवू डिसेंबरपासून फार चांगला खेळला, मिनेसोटाविरुद्धचा सामना त्याच्याच इंटरसेप्शनने संपला. पण त्याच्या आधीची दोन-अडीच वर्षं दुखापतींत गेली. त्याच्यामागे अनुभवी असं कुणी नाही.

ब्रँच सेफ्टीला गेला तर निकलला रॉबर्टसन येतो. तो उंचीने लहान पण भिडणारा आहे, आणि रेडर्सकडून बाहेरही खेळलाय. तेव्हा मेलिफोनवू तिसरा सेफ्टी होतो, लांबच्या थर्ड डाउनला ब्लिट्झसाठी आणि टाइट एंडवर वापरता येतो. मला ही मांडणी जास्त भक्कम वाटते, कारण एक दुखापत झाली तरी ब्रँच परत आत येऊ शकतो. तसं झालं तर ड्राफ्टमधला कॉर्नर आतसुद्धा खेळणारा असला तर फायदा आहे, नसला तरी चालेल.

मेघना_ट्रॉय

मला ब्रँच आतच हवा. आजच्या लीगमध्ये निम्म्याहून बरेच जास्त स्नॅप पाच डिफेन्सिव्ह बॅकनी खेळले जातात, म्हणजे निकल हा नियमित खेळाडूच झाला. त्या जागेवर माणूस चेंडूच्या जवळ असतो : रनला टॅकल, स्क्रीन (जवळच्या आखूड फेकी) मोडणं, ब्लिट्झ, स्लॉट (आतला) रिसीव्हर. ब्रँचच्या वाचनाचा सगळ्यात जास्त मोबदला तिथे मिळतो. पहिल्याच सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने इंटरसेप्शन घेऊन चेंडू ५० यार्ड नेला. त्याला पंधरा यार्ड मागे उभं करणं म्हणजे त्याचा अर्धा खेळ कापणं.

नोव्हीकर

मागे उभं करायचं असं मी म्हणत नाही. दोन सेफ्टींपैकी एक खाली येतोच. तो ब्रँच असेल.

पुष्कर७३

ब्रँचच्या तीन प्रती काढता आल्या तर बरं. एक आत, एक मागे, एक डेव्हिससमोर.

हिशेबनीस

आता सौदा करून वरच्या पिकवर चढण्याचा हिशेब. लायन्सकडे पिक आहेत २९, ६१, ७३, १६४, २०१, २०५ आणि २४९. आपला ९२ डेव्हिससाठी गेला. पिकांची किंमत गुणांत मांडणाऱ्या जुन्या जिमी जॉन्सन तक्त्याप्रमाणे २९ ची किंमत ६४०, ७३ ची २२५. बेरीज ८६५. विसाव्या पिकची किंमत ८५०. म्हणजे कागदावर २९ आणि ७३ देऊन विसाव्यापर्यंत पोचता येतं. २४ ची किंमत ७४०, म्हणजे फरक १०० चा, तिथे ७३ देणं जास्त होतं.

पण ७३ नंतर थेट १६४. चौथा राउंड कोराच. ७३ दिला तर ६१ नंतर शंभरहून जास्त खेळाडू जातील आणि आपण बघत बसू. संघ तेवढा तयार आहे का, हा खरा प्रश्न. मला वाटतं आहे.

स्वानंद_के

मला वाटतं वर चढायची गरजच पडणार नाही. यंदा क्वार्टरबॅक, रिसीव्हर आणि टॅकल इतके आहेत की सुरुवातीचे पिक तिकडेच जाणार. डिफेन्सचे खेळाडू खाली घसरतील आणि कॉर्नर विसाच्या पुढेच निघू लागतील. थोडा धीर धरला तर २९ वर अर्नॉल्ड किंवा डिजीन समोर उभा असेल.

अक्षय_प्रेस

घसरतील हे पटतं, पण २९ पर्यंत नाही. २२ पासून पुढे कॉर्नर शोधणारे बरेच आहेत. फिलाडेल्फियाची सेकंडरी म्हातारी झालीय, ते नक्की घेणार. एकदा पहिला गेला की मागोमाग रांग लागते.

आणि आपल्या विभागाकडे बघा. मिनेसोटाकडे जेफरसन आणि अ‍ॅडिसन. शिकागोकडे डी. जे. मूर, त्यात कीनन अ‍ॅलन आला, पहिला आणि नववा पिकही त्यांच्याचकडे. ग्रीन बेने थँक्सगिव्हिंगला आपल्याला कसं फोडलं ते सगळ्यांनी पाहिलंय. वर्षातून सहा सामने या लोकांशी. दोन भरवशाचे बाहेरचे कॉर्नर ही चैन नव्हे.

शलाका_ह्यूस्टन

एक मुद्दा राहिला : टॅकलिंग (पकडून पाडणं) आणि स्पेशल टीम (लाथेच्या डावांतली फळी). मार्चमध्ये हिप-ड्रॉप टॅकलवर बंदी आली, १५ यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाउन. मागून पळत येऊन कमरेला धरायचं आणि अंगाचा भार त्याच्या पायांवर टाकायचा, ही सवय सेफ्टी आणि कॉर्नरमध्येच जास्त आढळते. प्रत्येक उमेदवाराची मागून पकडलेली टॅकल वेगळी काढून बघायला हवीत.

दुसरं, किकऑफचा नवा नियम. आता दोन्ही संघ जवळजवळ समोरासमोर उभे राहतील आणि रिटर्न वाढतील. पाचवा-सहावा डिफेन्सिव्ह बॅक संघात टिकतो तो याच कामावर. त्रेपन्न जणांच्या संघात साधारण दहा-अकरा डिफेन्सिव्ह बॅक असतात, सामन्याच्या दिवशी त्याहून कमी सज्ज असतात. त्यामुळे खालच्या पिकमध्ये कॉर्नर घेताना कव्हरेजइतकंच तो टॅकल कसा करतो ते पाहावं. खलिल डॉर्सी याच कामामुळे संघात आहे.

अण्णा_सोलापूर

वाचतोय. एक शंका : सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धचा तो चेंडू, विल्डरच्या हेल्मेटला लागून आयुकच्या हातात गेलेला, तो दैव की चूक?

अक्षय_प्रेस

दोन्ही, अण्णा. चेंडू हेल्मेटवर आदळून वर उडणं हे दैव, त्यात ५१ यार्ड गेले. पण विल्डर जागेवर वेळेत होता हे आधी मान्य करायला हवं. उणीव शेवटच्या अर्ध्या सेकंदातली. खोल फेकीवर कॉर्नरने रिसीव्हरच्या अंगाला अंग लावून मग मान वळवायची, दोन हात वर न्यायचे आणि चेंडू सर्वांत वरच्या टप्प्यावर गाठायचा. त्याच्या हातांची वेळ चुकली आणि चेंडू थेट तोंडावर आला. हे कौशल्य मोजता येतं : हवेतल्या चेंडूवर तो किती वेळा हात लावतो. इंटरसेप्शनपेक्षा चेंडू अडवण्याचे आकडे वर्षानुवर्षं जास्त स्थिर राहतात. म्हणून ब्रँचचे तीन इंटरसेप्शनपेक्षा तेरा अडवलेले चेंडू मला मोठे वाटतात.

नोव्हीकर | २७ एप्रिल २०२४

ड्राफ्टनंतर धागा वर काढतोय.

पहिले चौदाच्या चौदा पिक ऑफेन्सचे गेले, असं पूर्वी कधीच झालं नव्हतं. स्वानंदचा अंदाज तिथपर्यंत तंतोतंत. पहिला कॉर्नर २२ ला, मिचेल, फिलाडेल्फियाला. तिथे अक्षय बरोबर. लायन्सनी २९ आणि ७३ डॅलसला दिले आणि २४ ला अर्नॉल्ड घेतला, सोबत पुढच्या वर्षीचा सातव्या राउंडचा पिक. मग ६१ ला रेकस्ट्रॉ. दोन कॉर्नर पाठोपाठ!

हिशेबनीस

तक्त्याप्रमाणे ८६५ देऊन ७४० घेतले, म्हणजे जास्त मोजले. तरीही मी हा सौदा केला असता. नंतर काय झालं बघा : विगिन्स ३० ला गेला, मग ४० ते ४३ सलग चार कॉर्नर : डिजीन, मॅकिन्स्ट्री, लॅसिटर, मेल्टन. ५० ला सेनरिस्टिल वॉशिंग्टनला. २९ ला थांबून अर्नॉल्ड मिळाला असता का, हे डॅलसच्या पलीकडच्या चार संघांवर अवलंबून होतं. डेव्हिसचा करार संपायच्या आत त्याच्या जागेचा वारस पाच वर्षांच्या ताब्यासकट मिळाला, हे मला १२५ गुणांपेक्षा मोठं वाटतं.

स्वानंद_के

कॉर्नरबद्दल तक्रार नाही. पण हचिन्सनच्या समोरच्या टोकाला अजून डॅव्हनपोर्टच आहे, आणि तोही एका वर्षासाठी. तो पडला तर हा सगळा खर्च क्वार्टरबॅकच्या चौथ्या सेकंदात जाईल.

धनश्री_अ‍ॅन_आर्बर

रेकस्ट्रॉबद्दल दोन ओळी, त्याच्यावर इथे फार बोललो नव्हतो. मिझुरीचा. वजन १८३ पाउंड, वेळ ४.५४. २०२१ मध्ये एसीएल, गेल्या वर्षी पोटाच्या स्नायूची दुखापत. म्हणून दुसऱ्या राउंडच्या शेवटापर्यंत मिळाला. खेळ मात्र शरीरापेक्षा मोठा, आत-बाहेर दोन्हीकडे चालतो, रनला स्वतःहून धावून जातो. अर्नॉल्ड, रेकस्ट्रॉ, रॉबर्टसन असे तिघे आत खेळू शकणारे झाले. म्हणजे ब्रँचला सेफ्टीला न्यायची मोकळीक होम्सने करून ठेवली.

मेघना_ट्रॉय

हो, तिकडेच चाललंय असं दिसतं. ब्रँच आतून जाणं मला अजूनही आवडलेलं नाही, पण रॉबर्टसन आणि रेकस्ट्रॉ मिळून त्याच्या जागेवर किती उरतात ते ऑगस्टमध्ये कळेल. तेव्हा बघायच्या गोष्टी लिहून ठेवते : अर्नॉल्डला पाच यार्डांनंतर किती रुमाल पडतात, डेव्हिस एकाच बाजूला राहतो की मोठ्या रिसीव्हरच्या मागे फिरतो, तीन रिसीव्हर एका बाजूला आले की आतला माणूस कोण बदलतो, आणि हे सगळं डेशे टाउनझेंड कसं शिकवतो. नवा प्रशिक्षक आहे, स्वतः कॉर्नर होता.

अक्षय_प्रेस

मेघनाताईंच्या यादीत एक भर : सराव सामन्यांत अर्नॉल्ड किती यार्डांवर उभा राहतो ते मोजा. एक-दीड यार्डावर उभा असेल तर ग्लेनला हवा तो डिफेन्स मिळाला. सात-आठ यार्डांवर दिसला तर गेल्या वर्षीचेच स्लँट आणि हिच पुन्हा बघावे लागतील.

नोव्हीकर

म्हणजे मूळ प्रश्नाचं आजचं उत्तर असं : डेव्हिससमोरची बाजू भरली, निकलला तीन पर्याय झाले, पण सेफ्टीला जोसेफ, ब्रँच आणि मेलिफोनवू यांच्यामागे अजूनही कुणी नाही. १३२ ला युटाचा सायोनी वाकी घेतला, तो कॉलेजात सेफ्टी होता, पण त्याला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) करणार म्हणे. चौथ्या सेफ्टीसाठी आता बाजारात उरलेले अनुभवी खेळाडूच बघावे लागतील. नावं सुचवा.